पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांसाठी मराठीत मानक आणि ट्रेनिंग – ठाणे, नवी मुंबईतले कोण कोण बरोबर येताय?

कोलशेत_साईट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच महिने हा विषय डोक्यात घोळतोय, आज बसून लिहितोच. थोडं लांबेल.

मी डिप्लोमा सिव्हिल, १९ वर्षं साईटवर काढली. त्यातली पहिली सहा उरणकडच्या कंटेनर यार्डाच्या कामांवर, तिथे पेव्हरवरून कंटेनर उचलणारी अजस्र मशीनं रात्रंदिवस फिरायची. त्यामुळे "पेव्हर म्हणजे खचणारच" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही.

आमच्या सोसायटीने मागच्या मे महिन्यात आतला रस्ता पेव्हरचा करून घेतला. मी तेव्हा कमिटीत नव्हतो, साईट पनवेलच्या पुढे, घरी यायला रात्रीचे दहा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बी विंगच्या वळणावर, जिथे पाण्याचा टँकर वळतो, तिथे परातीसारखा खड्डा पडला. ठेकेदार म्हणाला ब्लॉक खराब आला, ब्लॉकवाला म्हणाला टँकर जड आहे, कमिटी म्हणाली पाऊस फार झाला. मी एका रविवारी दोन जुने स्क्रू ड्रायव्हर आणि एक पहार घेऊन खाली उतरलो.

ज्यांनी कधी पेव्हर उचललाय त्यांना माहितीये की पहिला ब्लॉक काढणं हीच खरी मेहनत असते, सांध्यातली वाळू त्याला सोडत नाही, एक निघाला की पुढचे पटापट येतात. इथे पहिलाच ब्लॉक नुसत्या हाताने वर आला. सांध्यात वाळू नव्हतीच. खाली वाळूच्या जागी क्रशरची डस्ट (खडी फोडताना उरणारी भुकटी), आणि ती इतकी भिजलेली की मुठीत दाबल्यावर दुधासारखं पाणी गळलं. पट्टी लावली तर एका ठिकाणी डस्टचा थर ११० मिमी आणि तिथून दीड फुटावर ४५. म्हणजे खालची खडी कुणी लेव्हलला आणलीच नव्हती, जिथे खोल तिथे जास्त डस्ट ओतून वरून सपाट करून दिलं. बागेच्या बाजूला कर्ब (कडेचा पक्का काठ) नाही, शेवटची ओळ मातीला टेकलेली, ती दोन बोटं सरकलेली. आणि ब्लॉक? दहा-बारा धुवून वाळवले, एकमेकांवर वाजवले, खणखणीत आवाज, एकालाही तडा नाही.

तर माझं म्हणणं असं आहे की आपण ज्याला शिव्या देतो तो ब्लॉक बहुतेक वेळा निर्दोष असतो, चूक खालच्या चार इंचात आणि कडेला असते, आणि तिथे ज्याचा हात लागतो त्याला आजवर कोणी काही शिकवलेलं नाही.

मानकं नाहीत असं नाही. ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे, २००६ चं, २०२१ मध्ये सुधारलेलं. बसवण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी:एसपी:६३ आहे, २००४ चं, त्याची सुधारित आवृत्ती २०१८ ची. त्यात सगळं आहे, दाबून झाल्यावर वाळूचा थर २० ते ४० मिमी, सांधा २ ते ४ मिमी, कड पक्की बांधायची, गाड्या चालणार असतील तर हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी मांडणी. पण ते इंग्रजीत, आणि ते वाचतो कन्सल्टंट. घमेलं उचलणाऱ्यापर्यंत, पट्टी मारणाऱ्यापर्यंत (म्हणजे पट्टी ओढून वाळू सपाट करणाऱ्यापर्यंत) त्यातली एक ओळ पोचत नाही.

आणि हो, जाडीचा मुद्दा. आयएसच्या २००६ च्या तक्त्यात हाऊसिंग कॉलनी हलक्या वाहतुकीत धरलीये, एम-३५ (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि ६० मिमी. घोडबंदर पट्ट्यात किती सोसायट्या टँकरवर जगतात ते इथल्या सगळ्यांना माहितीये. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन, वर गाडीचं वजन वेगळं. तिथे शहरातल्या रस्त्यासाठी सांगितलेला ८० मिमी, एम-४० लावायला हवा. पण चौरस फुटामागे चार पैसे वाचले की कमिटी खूश.

मला दोन गोष्टी करायच्यात. एक, बसवण्याचं साध्या मराठीत, चित्रांसह, चार पानांचं कामाचं मानक, जे मिस्त्रीच्या खिशात राहील. दुसरी, आठ-दहा कामगारांची प्रत्यक्ष ट्रेनिंगची बॅच. पैसे कमवायचे नाहीत. तुमच्यापैकी कोणाला या कामातलं कळतं त्यांनी कृपया लिहा, विरोधात असाल तरी लिहा.

---

वाशी_आराखडे

विषय काढलात ते फार बरं केलंत. मी आर्किटेक्ट आहे आणि आमची चूक आधी कबूल करते. आम्ही टेंडरमध्ये काय लिहितो, "८० मिमी पेव्हर ब्लॉक पुरवणे व बसवणे, वाळूच्या थरासह, कॉम्प्लीट, प्रति चौरस मीटर". या "कॉम्प्लीट" शब्दात सगळं बुडतं. वाळू किती, कोणती, कडेचं कर्ब, त्याच्यामागचं काँक्रीट, दुसऱ्यांदा सांधे भरणं, कशाचंच वेगळं माप नाही म्हणजे कशाचेच वेगळे पैसे नाहीत, आणि ज्याचे पैसे नाहीत ते काम साईटवर होत नाही, हा तर नियमच झालाय.

दोन वर्षांपूर्वी नेरुळच्या एका कामात मी आयटम फोडून लिहिले. कर्ब वेगळा, रनिंग मीटरवर. वाळू वेगळी. सांधे भरणं दोन टप्प्यांत, दुसरा टप्पा पहिल्या पावसानंतर, आणि त्याचं बिल तेव्हाच. शिवाय थांबा-आणि-दाखवा असे तीन टप्पे ठेवले, खडी दाबून झाल्यावर, कड बांधून झाल्यावर आणि वाळू पसरल्यावर, प्रत्येक वेळी फोटो आणि सही झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. ठेकेदार सुरुवातीला कुरकुरला पण काम उत्तम झालं. तेव्हा तुमच्या चार पानांत टेंडरची भाषा पण घाला, नाहीतर शिकलेल्या मिस्त्रीला बरोबर काम करायला वेळच मिळणार नाही.

---

नौपाडा_जुना

माफ करा पण मी विरोधात आहे. माझी आई ७८ वर्षांची, वॉकर घेऊन चालते. वर आलेल्या ब्लॉकच्या कडेत वॉकरचा पाय अडकून पडली, मनगट मोडलं, अजून मूठ वळत नाही. तुम्ही मानकं करा, ट्रेनिंग करा, पण फुटपाथवर हे ठोकळे कशाला हवेत मुळात? सरळ काँक्रीट ओता आणि संपवा. शहरभर हेच चाललंय, आज बसवायचे उद्या उखडायचे.

---

कोलशेत_साईट

नौपाडा_जुना, आईंचं वाचून फार वाईट वाटलं. तुमचा राग रास्त आहे आणि खरं सांगायचं तर अशाच एका पडण्यामुळे मी हे लिहायला बसलो, आमच्याकडे पडल्या त्या ए विंगमधल्या मावशी होत्या.

काँक्रीटबद्दल एवढंच म्हणतो की जिथे खाली काही नाही आणि पुढेही येणार नाही तिथे जरूर करा. पण आपल्या फुटपाथखाली काय काय आहे, पाण्याची लाईन, वीज, गॅस, इंटरनेटच्या केबल. काँक्रीट फोडलं की ते परत पहिल्यासारखं होत नाही, वर डांबराचं नाहीतर सिमेंटचं ठिगळ बसतं आणि तिथेच पुन्हा ठेच लागते. पेव्हरचं मोठेपण हेच की तेच ब्लॉक उचलून, खाली काम करून, तेच ब्लॉक परत बसवता येतात. फक्त परत बसवताना चर थराथराने दाबून भरावा लागतो. आत्ता काय होतं, चरातली माती पायाने ढकलतात, वर ब्लॉक रचतात, आणि पहिल्या पावसात चराच्या बरोबर वर लांबच लांब खळगा. म्हणून माझ्या मते ट्रेनिंगमध्ये नवीन काम शिकवण्याआधी "उचला आणि परत बसवा" हेच शिकवायला हवं, कारण ठाण्यात रोज होणारं काम तेच आहे.

चालणाऱ्यांच्या बाजूचं पण आपल्या पानांत हवं. रोड्स काँग्रेसचंच आयआरसी:१०३ पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगतं. पेव्हरसाठी मी घरगुती कसोटी सुचवेन, ३ मीटरची सरळ पट्टी आडवी-उभी ठेवायची, खाली १० मिमीपेक्षा जास्त फट दिसली की काम नापास. आणि एक ब्लॉक दुसऱ्यापेक्षा वर आलेला बोटाला लागला की तो त्याच दिवशी काढून परत बसवायचा. तुम्ही आईंच्या वॉकरने चाचणी घ्यायला आलात तर मला मनापासून आवडेल.

---

वागळे_मिस्त्री

नमस्कार सर. मी १४ वर्ष हेच काम करतोय. मूळ गाव परभणीकडं, आता वागळेला राहतो. फोनवर बोलून टाईप करतोय तर चुकभूल समजून घ्या.

तुमी लिहिलं ते बरोबर आहे पण आमची बाजू कोणी लिहित नाही म्हणून लिहितो. आमाला चौरस फुटावर पैसे मिळतात. जेवढं पसरलं तेवढं दिवसाचं. वाळू चाळायची, सुकवायची, दोनदा झाडून सांध्यात घालायची, प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून दाबायचं मशीन) तीनदा फिरवायचा, याला अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचा एक रुपया कोणी देत नाही. कॉम्पॅक्टरचं भाडं पण बऱ्याचदा मुकादमाच्या अंगावर, मग तो धुमसाने ठोकून घे म्हणतो, नाहीतर फळी ठेवून हातोड्याने. वाळूच्या जागी डस्ट आम्ही निवडत नाही, साईटवर जो ट्रक येऊन पडतो तो आम्ही पसरतो. मी स्वतः तीन वेळा सांगितलंय की ही डस्ट चालणार नाही तर मला म्हणाले तू तुझं काम कर.

आता शिकण्याचं. मला कोणी शिकवलं नाही, मी माझ्या मेव्हण्याचं बघून शिकलो आणि त्याने दुसऱ्याचं बघून. काही गोष्टी हाताला कळतात. वाळू मुठीत घट्ट दाबून मूठ उघडायची. लाडू राहिला पाहिजे पण हात ओला नाही झाला पाहिजे. लाडू लगेच फुटला तर वाळू कोरडी, पट्टी मारल्यावर पायाखाली सरकणार. हाताला चिखल लागला तर माती जास्त. दुसरं म्हणजे पट्टी मारलेल्या वाळूवर पाय द्यायचा नाही, बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढं जायचं. नवीन पोरं हमखास वाळूवर चालतात आणि टाचेच्या खड्ड्यावर ब्लॉक ठेवतात. तिसरं, दर पाच-सहा ओळींनी दोरी मारून गुण्या (काटकोन) बघायचा, नाहीतर शेवटी कडेला एवढी एवढी चिपळी बसवावी लागते आणि ती पहिल्यांदा निघते.

अजून एक. कापायचं काम. कोरड्या ग्राइंडरने ब्लॉक कापताना पांढरा धूर उठतो, नाकातोंडात जातो, संध्याकाळी थुंकी पांढरी येते. माझ्या बरोबरचा एक जण दोन वर्ष झाले गावी परत गेला, चार पायऱ्या चढला तरी दम लागतो त्याला. ट्रेनिंग घेताय तर हे पहिलं शिकवा आणि मास्क काय असतो तो दाखवा, आम्ही रुमाल बांधतो.

आणि ट्रेनिंगच्या दिवसाची हजेरी द्यावी लागेल सर. नाक्यावर उभा राहणारा माणूस एक दिवस सोडून शिकायला येणार नाही, घरी चूल बंद राहते. हजेरी दिली तर मी स्वतः सहा माणसं घेऊन येतो.

---

वाशी_आराखडे

मिस्त्री, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या पुढच्या टेंडरमध्ये ब्लॉक स्प्लिटर किंवा पाणी सोडून कापायचं कटर असा वेगळा आयटम घालतेय. हे मला आजवर सुचलं नव्हतं.

---

तुर्भे_ब्लॉक

मी बनवणारा. छोटा कारखाना आहे, एक प्रेस मशीन आणि जुनं रबर मोल्डचं टेबल. ब्लॉक नेहमी निर्दोष असतो असं धागाकर्त्यांनी ठरवून टाकू नये ही विनंती, कारण मला आतलं माहितीये.

काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. गिऱ्हाईक सोमवारी ऑर्डर देतो आणि शनिवारी गाडी मागतो, निवडणुकीच्या आधी किंवा ३१ मार्चच्या तोंडावर तर विचारूच नका. सहा-सात दिवसांचा ब्लॉक पाणी न खाता गाडीत चढतो आणि साईटवर कोपरे झडतात. दुसरं, रबर मोल्डचा ब्लॉक वरून आरशासारखा चमकतो म्हणून सोसायट्या तोच निवडतात, पण ती चमक पावसात घसरते, विशेषतः उतारावर. प्रेसचा ब्लॉक दिसायला खरखरीत, पण माप एकसारखं येतं, जाडी एकसारखी येते, आणि जाडी सारखी नसेल तर वागळे_मिस्त्रींनी कितीही छान पट्टी मारली तरी वर खडबड होणार.

मानकात पाणी शोषण्याची मर्यादा आहे, सरासरी ६ टक्के. ही चाचणी सोसायटीवाल्यांनी मागितली तर आम्हाला करून द्यावी लागते, फार खर्चाची नाही. पण दहा वर्षांत माझ्याकडे ती मागणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. ब्लॉकवर बनवल्याची तारीख मारायची अट तुमच्या चार पानांत टाका, मी पहिला मारीन. आणि बॅचसाठी २०० ब्लॉक माझ्याकडून, ८० मिमी, पूर्ण २८ दिवसांचे.

---

खारघर_सेक्टर

एक बेसिक शंका. आमच्याकडे ठेकेदार वाळूत सिमेंट मिसळून कोरडाच थर टाकतोय, म्हणतो त्याने पक्कं होतं, कधी हलणार नाही. वरून सांध्यात पण सिमेंटचं पाणी ओतणार म्हणे. हे चांगलं की वाईट? काम कालच सुरू झालंय.

---

कोलशेत_साईट

खारघर_सेक्टर, शक्य असेल तर आजच थांबवा. पेव्हरची ताकद त्याच्या जराशा लवचिकपणात आहे. चाक एका ब्लॉकवर आलं की सांध्यातली वाळू तो भार शेजारच्या चार ब्लॉकना वाटून देते, तो एकटा खाली जाऊ शकत नाही, एकटा फिरू शकत नाही, आणि कड पक्की असेल तर पुढेमागे सरकूही शकत नाही. इंटरलॉकिंग म्हणतात ते हेच, नुसता झिगझॅग आकार नव्हे. सिमेंट घातलंत की तो थर पातळ, कमजोर पापुद्र्यासारखा होतो, वजनाने तडकतो, तडकलेले तुकडे हलायला लागतात, आणि सांध्यातलं सिमेंट सुटून निघतं तेव्हा आत पाणी शिरायला वाट मोकळी. शिवाय उद्या खाली पाईप फुटला तर ब्लॉक सुटे निघणार नाहीत, फोडावे लागतील.

---

वागळे_मिस्त्री

सिमेंट घातलेले ब्लॉक परत वापरायचे म्हणजे प्रत्येक ब्लॉकचा बूड छन्नीने साफ करावा लागतो. चाळीस ब्लॉकला एक दिवस. कोणी करत नाही, फेकून देतात. कडेच्या कर्बमागं सिमेंट घाला, तिथं पाहिजे, ब्लॉकखाली नको.

---

ऐरोली_तंत्र

मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवतो. धागा चारदा वाचला. वाळूचे थर, चाळण्या, पट्टी सगळं आमच्या लॅबमध्ये आहे, मागचं आवार सुट्टीच्या दिवशी मिळू शकेल, प्राचार्यांशी बोललोय, तोंडी होकार आहे.

मानकाबद्दल आधी. नवीन मानक बनवायच्या भानगडीत आपण पडू नये, आहे तेच उलगडून सांगावं. आयएस १५६५८ भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवर नोंदणी करून फुकट वाचता येतं, आयआरसीचं मात्र विकत घ्यावं लागतं. आपल्या पानात प्रत्येक सूचनेपुढे ती कशातून आली तो क्रमांक द्यायचा, म्हणजे साईटवर कोणी "हे कुठे लिहिलंय" असं विचारलं तर मिस्त्रीला बोट ठेवता येईल. आणि जे कोकणच्या पावसासाठी कमी पडतंय ते टिपून ठेवायचं. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. काँक्रीटच्या कोब्यावर वाळू टाकून पेव्हर बसवतात तिथे आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला भोकं ठेवतात का? मी तरी आजूबाजूला कुठे पाहिली नाहीत. ब्युरो मानकाचा मसुदा काढतं तेव्हा कोणीही सूचना पाठवू शकतं, तेव्हा आपल्याकडे दोन पावसाळ्यांच्या नोंदी असतील तर त्या पाठवता येतील.

आता ट्रेनिंग. लेखी परीक्षा नको, याबद्दल माझं ठाम मत आहे. अनेकांना वाचायला त्रास होतो पण हाताला अचूक कळतं. परीक्षा अशी की दोघांच्या जोडीने दोन मीटर बाय दोन मीटरचा तुकडा बसवायचा, दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या जोडीने उचलायचा आणि खालच्या वाळूची जाडी पाच ठिकाणी मोजायची. वरून कितीही देखणं असो, खालची मापं खरं सांगतात. वाळूतली माती बघायला काचेचा ग्लास पुरे, वाळू आणि पाणी हलवून ठेवा, तासाभराने वर किती गाळ बसला ते दिसतं. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण ट्रक परत पाठवायचा की नाही एवढं नक्की कळतं.

हजेरीबद्दल मिस्त्री म्हणाले ते शंभर टक्के बरोबर. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्याला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, आणि बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर त्यासाठीच गोळा होतो. बॅचच्या दिवशीच नोंदणीचे फॉर्म भरून घेऊ. आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे, ते पुढचं पाऊल. पहिल्या बॅचची हजेरी मात्र आपणच वर्गणी काढून देऊ, माझे दोन हजार धरा.

---

नौपाडा_जुना

माझेही दोन हजार. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण मिस्त्रींनी लिहिलेलं वाचून दोन दिवस अस्वस्थ होतो. बाहेरच्या देशांत हे कसं करतात, कोणाला माहिती आहे का?

---

कोलशेत_साईट

थोडक्यात सांगतो. ही पद्धत रुजली नेदरलँड्समध्ये. तिथे रस्ते भाजक्या विटांचे असायचे, दुसऱ्या महायुद्धानंतर विटांची टंचाई झाली तेव्हा रॉटरडॅमसारख्या शहरात विटेच्याच मापाचे काँक्रीटचे ब्लॉक आले. पुढे जर्मनीत एकमेकांत अडकणारे आकार आणि मशीनं आली. १९८० मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला फक्त या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. अमेरिकेत १९९३ साली ब्लॉक बनवणारे आणि बसवणारे यांनी मिळून इंटरलॉकिंग काँक्रीट पेव्हमेंट इन्स्टिट्यूट काढली, तिने तांत्रिक पत्रकं काढली, बसवणाऱ्यांसाठी वर्ग आणि परीक्षा घेऊन सर्टिफिकेट सुरू केलं. २०२२ मध्ये ती संस्था काँक्रीट ब्लॉकच्या बांधकामवाल्यांच्या संघटनेत मिसळून एकच झाली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की बनवणारा आणि बसवणारा एकाच टेबलाशी बसले. इथे या धाग्यावर तुर्भे_ब्लॉक आणि वागळे_मिस्त्री एकत्र आलेत, मला तेवढ्यानेच हुरूप आलाय.

तर ठरवू या. ऐरोलीच्या आवारात बॅच घेण्याआधी आमच्या बी विंगच्या वळणावर एक तुकडा करून बघू, कमिटीने परवानगी दिलीये. पावसाच्या आधी.

---

कोलशेत_साईट

मंडळी, अपडेट. उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, पण मुद्दाम पाऊस पडून जायची वाट बघत होतो.

मे अखेरच्या रविवारी सकाळी ८ ला सुरुवात केली. वागळे_मिस्त्री आणि त्यांची तीन माणसं, ऐरोली_तंत्र सर, वाशीहून ताई, आणि नौपाड्याचे काका खुर्ची टाकून दिवसभर बसले होते. तीन मीटर बाय तीन मीटर. आधी जुनी डस्ट काढली, खालचा भराव पहार सहज शिरेल इतका मऊ, तो पण अडीचशे मिमी खोल काढून टाकला. खडी-मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर दाबून. बागेच्या बाजूला कर्ब आणि त्याच्यामागे काँक्रीट, ते आदल्या आठवड्यातच करून ठेवलं होतं. मग लोखंडी पाईप टाकून त्यावर अॅल्युमिनियमची पट्टी ओढली, वाळू सैल असताना ३५ मिमी. पाईप उचलल्यावर राहिलेली चर भरायला मी विसरलो होतो, मिस्त्रींनी न बोलता थापीने भरून घेतली. ८० मिमीचे ब्लॉक, हेरिंगबोन. कॉम्पॅक्टर एकदा कोरडाच फिरवला, मग ताडपत्रीवर दोन दिवस वाळवलेली बारीक वाळू झाडून परत, आणि सांधे पुन्हा खाली बसले म्हणून तिसऱ्यांदा. संध्याकाळचे पाच वाजले. मिस्त्री म्हणाले एवढ्या वेळात ते नेहमी याच्या तिप्पट काम करतात. दर ठरवताना हा आकडा आपल्याला पानात घालावा लागेल.

त्या रात्रीपासूनच टँकर सुरू. पहिल्या जोरदार पावसानंतर सांधे जरासे उघडे दिसले, परत वाळू भरली, अर्धं घमेलं लागलं. काल ऑगस्टच्या मध्यात पट्टी लावली. सगळ्यात मोठी फट ४ मिमी. शेजारी जुन्या कामात त्याच पट्टीखाली माझी अख्खी मूठ जाते. काकांनी आईंना आणलं होतं, त्या वॉकर घेऊन आडव्या गेल्या, उभ्या गेल्या, आणि म्हणाल्या घरासमोर असं कधी करणार.

मग ऐरोली सरांच्या आग्रहाने खाली काय झालंय ते बघायला एक ब्लॉक उचलायला घेतला. स्क्रू ड्रायव्हर दोन्ही वाकले. शेवटी मिस्त्रींनी आधी सांध्यातली वाळू चाकूने टोकरून काढली तेव्हा कुठे तो हलला. खाली वाळू २८ मिमी, ओलसर, पण पाणी साचलेलं नाही.

मराठी पानांचा कच्चा मसुदा झालाय, चित्रं ताई काढतायत. पहिली बॅच गणपती झाल्यावरच्या दुसऱ्या रविवारी, ऐरोलीच्या आवारात, सकाळी ८. सहा कामगार ठरलेत, हजेरीचे पैसे जमलेत, धूळ गाळणारे मास्क आणलेत. दुसऱ्या प्लेट कॉम्पॅक्टरची सोय अजून झालेली नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कोणाकडे एक दिवसासाठी असेल तर कळवा, न्यायला-आणायला टेम्पो माझा.

---

तुर्भे_ब्लॉक

कॉम्पॅक्टर माझ्याकडे आहे, बेल्ट बदलायला टाकलाय, गणपतीआधी मिळेल. २०० ब्लॉकवर तारीख मारून ठेवलीये.

---

वागळे_मिस्त्री

सहाचे आठ झालेत सर. चालेल ना?

---

कोलशेत_साईट

चालेल. दोघांची हजेरी मी बघतो.